घरातील मूस आणि कारागिराचे आरोग्य



बीदरच्या बिदरी कलेचे कौतुक सर्वत्र होते. काळ्याभोर सुरईवर उमटलेली चांदीची वेल पाहून लोक हरखून जातात. ती घडविणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी मात्र क्वचितच होते. पुष्कळ कारागीर मजुरीवर हे काम राहत्या घरीच करतात.

बिदरीच्या धातूत जस्त फार, तांबे थोडे. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते. मूस प्रमाणाबाहेर तापली की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेल्यास काही तासांनी तोंडाला धातूची चव येते, थंडी वाजते, अंग मोडून ताप भरतो. एकदोन दिवसांत तो आपोआप उतरतो, आणि म्हणूनच फसवतो. घरची मंडळी त्याला हिवताप समजतात. दवाखान्यात रक्त तपासावेच. पण धंदा विचारला नाही तर निदान हुकते. शिवाय कानशीने घासताना उडणारी धूळ आणि किल्ल्यातील मातीबरोबर नवसागर तापविताना उठणारी उग्र वाफ आहेच.

यावर देखरेख कोणाची? १९४८ च्या कारखाना अधिनियमात यंत्रशक्ती असल्यास १० आणि नसल्यास २० कामगार ही मर्यादा होती. लहान जागांनाही तो लागू करण्याचा अधिकार राज्य शासनास होता. परंतु केवळ कुटुंबीयांच्या मदतीने चालणारे काम त्यातून वगळलेले होते. २०२० च्या संहितेने त्या मर्यादा २० व ४० केल्या. निरीक्षक उंबरठ्यापाशी थांबतो तो असा. शेजारच्या सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांना १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने निदान कामगार म्हणून मान्यता दिली, प्रसूतिलाभाचा हक्क दिला. बिदरी कारागिरांसाठी असा स्वतंत्र कायदा झाला नाही.

तेव्हा भिस्त आरोग्य केंद्रावर. आशा कार्यकर्तीस निरीक्षकाचे अधिकार नाहीत, पण तिच्यासाठी दार उघडे असते. (दंडाचा धाक घातला तर तेही बंद होईल.) मूस कोठे मांडतात, त्या वेळी लेकरे कोठे असतात, हे तिने सहज विचारावे. ओतकाम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावे. धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. काम देणाऱ्या संस्थांनी व व्यापाऱ्यांनी मजुरी ठरविताना धुराड्याचा आणि तपासणीचा खर्च धरावा. आजवर तो कारागिराच्या छातीवरच पडत आला आहे. शाळेतील मूल वारंवार खोकत असेल तर शिक्षकांनी घरचा धंदा विचारून आरोग्य केंद्रास कळवावे.

तापाच्या रुग्णाची नोंद करताना घरात शेवटचे ओतकाम कोणत्या दिवशी झाले, तेही लिहावे.