ऑपरेशनआधी ती गोळी सांगा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही भूल देणारे डॉक्टर विचारतो, "औषधं कोणती चालू आहेत?" आजोबा सांगतात, "बीपीची. बाकी काही नाही." मग सूनबाई पिशवीतून कागदाची पुडी काढतात, "ही गुडघ्यासाठी घेतात, रोज एक." आत बारीक पांढऱ्या गोळ्या. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड!

गोळीला मी नावं ठेवत नाही. संधिवातात, दम्यात तिचा मोठा आधार आहे. पण घरी महिनोन्‌महिने बाहेरून डबा येऊ लागला की चूल पेटत नाही. सरपण सर्द होतं, पिठात किडे होतात. दोघांचं जेवण भागतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आणि एक दिवस दारात पन्नास पाहुणे! ऑपरेशन म्हणजे ते पाहुणे. गोळी म्हणजे बाहेरचा डबा, आणि चूल म्हणजे आपल्या ॲड्रिनल ग्रंथी. एरवी त्या अशा वेळी भराभर कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, वाढवतात. इथे चूल थंड, त्यात कुणीतरी घाबरून डबाही बंद केलेला. मग रक्तदाब घसरतो, सलाइन देऊनही सावरत नाही. उलट्या, पोटदुखी, ग्लानी. नातेवाईक म्हणतात, भूल उतरली नाही.

1952 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशी एक हकिगत छापली: कॉर्टिझोन हे स्टिरॉइड घेणारा संधिवाताचा तरुण रुग्ण खुब्याच्या ऑपरेशननंतर दगावला. 1954 मध्ये, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींच्या पाठीचं ऑपरेशन झालं. त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी निकामी होत्या. पण डॉक्टरांना ते ठाऊक होतं, हॉर्मोन देतच ऑपरेशन केलं. पुढे जंतुसंसर्गाने ते अत्यवस्थ झाले, तरी वाचले. म्हणून म्हणतो, आधी सांगा!

सांगितलंत तर उपाय हाताशी आहे. मोठ्या ऑपरेशनला भूल देतानाच हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, पुढे ठिबकातून डोस. गोळी मनाने बंद करू नका. आणि मागेच बंद झाली असेल, तरीही सांगा. चूल पुन्हा पेटायला कधी सहा महिने, कधी वर्षही लागतं.

दम्याचे पंप, सांध्यातली इंजेक्शनं, गोरेपणाची मलमं... त्यांतही स्टिरॉइड असू शकतं, पण वेळ संपत आली. तीही सांगा, एवढंच म्हणतो. घरी गेल्यावर उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि पुडी लपवू नका हो, डॉक्टरांच्या हातात द्या.