दातातली चांदी, हातातला पारा

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आधी मीच एक विचारते. तुमच्यापैकी किती जणींनी दाढेत चांदी भरून घेतली आहे? हात वर करा. बऱ्याच आहेत. पन्नाशीच्या पुढच्या तर जवळजवळ सगळ्याच. माझ्याही दोन दाढांत आहे. आता सांगा, ती चांदी आहे असं तुम्हांला कोणी सांगितलं? दवाखान्यात म्हणाले, आपण ऐकलं. त्या करड्या गोळीचं निम्मं वजन पाऱ्याचं असतं. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबं. खरं तर नाव पाऱ्याचं द्यायला हवं होतं. पण "पारा भरून घ्या" म्हटलं तर कोण आ करेल? चांदी म्हटलं की पैंजण-जोडवी आठवतात.

मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. तरी या विषयावर मी का बोलते आहे, तर ही चांदी मी पाच वर्षं माझ्या हातांनी बनवली आहे.

१९८७ साली तालुक्याच्या गावी एका दाताच्या दवाखान्यात मला काम लागलं. दहावी झालेली, नवं लग्न. काम म्हणजे सगळंच: नंबर लावायचे, हत्यारं उकळायची, केर काढायचा, आणि डॉक्टरांनी हाक मारली की मसाला तयार करून द्यायचा. छोटा काचेचा खल होता. त्यात धातूची पूड घालायची, बाटलीतून पारा ओतायचा, बत्त्याने घोटायचं. लोण्यासारखं झालं की फडक्यात घेऊन पिळायचं, म्हणजे जास्तीचा पारा थेंबाथेंबाने बाहेर येतो. मग गोळा तळहातावर मळायचा. हातमोजे नव्हते. खिडकी बंद, वर पंखा. थेंब सांडले तर शहाबादी फरशीच्या सांध्यात जाऊन बसत, तिथून काही निघत नसत. मला तर गंमतच वाटायची. लहानपणी फुटलेल्या थर्मामीटरमधल्या पाऱ्याशी कोण खेळलं नाही? डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनाही कॉलेजात तसंच शिकवलेलं.

वर्षभरात माझी लग्नातली अंगठी पांढरी पडली. सासूबाई म्हणाल्या, सोनं खोटं निघालं, तुझ्या माहेरच्यांनी फसवलं. आठ दिवस घरात धुसफूस. शेवटी मी सोनाराकडे गेले. त्याने अंगठी नुसती हातात घेतली आणि विचारलं, "वहिनी, पाऱ्याला हात लावता का कुठं?" सोन्याला पारा चिकटतो, हे सोनाराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत. त्याने अंगठी तापवून पिवळी करून दिली. आता कळतं, त्या वेळी तो पारा वाफ होऊन त्याच्या नाकात गेला असणार.

१९८९ मध्ये माझा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. पाऱ्यामुळे झाला, असं मी म्हणणार नाही. ते आज कोणालाच सांगता येणार नाही, आणि असे गर्भ कितीतरी बायकांचे काही कारण न कळता पडतात. पण दवाखान्यात मला काय काय विचारलं ते ऐका. जड उचललंस का? पपई खाल्लीस का? उपास केलेस का? काम काय करतेस, एवढं मात्र कोणी विचारलं नाही. पाच वर्षांत माझ्या कामाची चौकशी केलेला माणूस एकच, तो सोनार.

पुढे आरोग्याच्या कामात आल्यावर एका मैत्रिणीने मला १९९४ सालचा एक अभ्यास समजावून सांगितला. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या, दाताच्या दवाखान्यांत मदतनीस असलेल्या बायकांचा. ज्या आठवड्याला तीस किंवा त्याहून जास्त वेळा हे मिश्रण बनवायच्या आणि जिथे पारा हाताळण्याच्या पद्धती वाईट होत्या, त्यांना दिवस राहण्याची महिन्यागणिक शक्यता पाऱ्याशी संबंध न आलेल्या बायकांच्या ६३ टक्केच भरली. आणि गंमत म्हणजे ज्यांचा पाऱ्याशी संबंध थोडा होता, त्यांच्यात असा परिणाम दिसलाच नाही. एका अभ्यासावरून छाती ठोकून काही सांगू नये. पण मला त्यातून दोन गोष्टी दिसल्या. हे आपल्या नशिबाचं नसून खोलीचं, खिडकीचं आणि पद्धतीचं आहे. दुसरी म्हणजे, मिश्रण घोटणाऱ्या बाईला कोणीतरी प्रश्न विचारण्यासारखं माणूस समजलं.

आपल्याकडे ते का झालं नाही? १९४८ च्या कारखाना कायद्यात पाऱ्याची विषबाधा सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत होती. पण दवाखाना म्हणजे कारखाना नव्हे. आणि मी तर तिथे कामगारसुद्धा नव्हते. मी होते "आमच्याकडची बाई".

आता पेशंटच्या तोंडाबद्दल. इथे नीट ऐका, कारण भीती विकणारे पुष्कळ आहेत. चावताना, घासताना त्या भरणातून पाऱ्याची वाफ थोडी थोडी निघते, ती श्वासावाटे रक्तात जाते, वारेतून गर्भापर्यंतही पोचते, हे खरं आहे. पण तेवढ्याशा वाफेने धडधाकट माणसाला आजार होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं की गरोदर, मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, सहा वर्षांखालची मुलं, किडनीचे किंवा मज्जासंस्थेचे आजार असलेले यांना शक्यतो हे भरण नव्याने करू नये. त्याच सूचनेत असंही आहे की चांगलं टिकलेलं जुनं भरण उगाच काढू नये. काढताना, कोरताना, तात्पुरती वाफ जास्त निघते. आमच्या वस्तीतल्या एकीला एका दवाखान्याने सगळ्या दाढा उकरून पांढरं भरा म्हणून सांगितलं, नाहीतर मेंदूला धोका. ती मंगळसूत्र गहाण टाकायला निघाली होती. माझ्या दोन दाढा तशाच आहेत, आणि आजघडीला मी त्यांना हात लावू देणार नाही.

मग हे बंद व्हायला हवं असं मी का म्हणते? कारण पारा तोंडात कमी आणि बाहेर जास्त फिरतो. उरलेला मसाला बेसिनमधून गटारात जातो, काढलेले दात कचऱ्यातून भट्टीत जातात, केर काढणारी तो केर हाताने भरते. आपण मेल्यावर चितेत तो वाफ होऊन निघतो. एकदा जमिनीवरून बाहेर आलेला पारा नाहीसा होत नाही. पाण्यात गेला की तिथले जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, ते माशांत साठतं.

त्याने काय होतं ते जपानच्या मिनामाता गावाने पाहिलं. तिथे एका रसायन कारखान्याचं सांडपाणी खाडीत जायचं आणि त्यातून थेट मिथाइल पाराच जायचा. मासे खाणारे कोळी, त्यांच्या बायका-मुलं लुळी पडू लागली. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली, कारण मान्य करायला सरकारला १९६८ साल उजाडलं. ज्या मुलांनी कधी मासा तोंडात घेतला नव्हता तीही जन्मतः तशीच निघाली. तोवर डॉक्टर समजत होते की वार गर्भाला विषापासून राखते. तिथल्या घरांत मुलाची वाळलेली नाळ डबीत जपून ठेवायची रीत आहे. डॉ. मासाझुमी हारादा यांनी पुढे या नाळा गोळा करून तपासायला दिल्या, आणि पारा कधी, किती आला याचा हिशेब त्यातून निघाला. आयांनी माळ्यावर ठेवलेल्या डब्या पुरावा झाल्या. दाढेतल्या वाफेची आणि त्या विषाची बरोबरी मी करत नाही. पाऱ्याची रूपं वेगळी, मात्रा वेगळी. पण गटारात गेलेला पारा त्या रूपात जाऊ शकतो, एवढं लक्षात ठेवा.

म्हणूनच २०१३ मध्ये जगातल्या देशांनी पाऱ्याबाबत जो करार केला त्याला मिनामाताचं नाव दिलं. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. त्यात दातातला पारा सुरुवातीला फक्त "कमी करत न्यायचा" होता. २०२२ मध्ये ठरलं की दुधाचे दात, पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि पाजत्या बायका यांच्यात तो वापरू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाला ठरलं की २०३४ पर्यंत जगभर हा वापर थांबवायचा. नॉर्वेने २००८ मध्ये आणि स्वीडनने २००९ मध्येच थांबवला होता, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, थोडे अपवाद ठेवून. त्यांचे दात काही पडले नाहीत.

पण २०२२ च्या त्या कलमात एक शेपूट आहे: डॉक्टरला आवश्यक वाटलं तर वापरता येईल. आपल्या दवाखान्यात ही आवश्यकता कोण ठरवतं? सामानाचं कपाट. कपाटात जे असेल ते आवश्यक. शिवाय बाई गरोदर आहे हे पहिले पाच-सहा आठवडे तिला तरी कुठे ठाऊक असतं?

आणखी एक गोष्ट मला खटकते. गरोदर बाईला जपायचं म्हटलं की मालकाला पहिलं सुचतं ते बाईला कामावरून काढणं. अमेरिकेत बॅटरीच्या एका कंपनीने शिसं गर्भाला वाईट म्हणून मूल होऊ शकणाऱ्या सगळ्याच बायकांना ती कामं बंद केली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हा भेदभाव आहे असा निकाल दिला. शिसं पुरुषाच्या बीजालाही वाईटच, पण त्याला कोणी घरी पाठवलं नाही. तेव्हा कोणी म्हणालं, "बायका नकोत मसाला घोटायला, पोरगा ठेवू", तर आपण मान डोलवायची नाही. मसाला बदला, बाई बदलू नका.

बदलून काय घ्यायचं? आपण ज्याला सिमेंट म्हणतो ते ग्लास आयोनोमर. ते दाताला आपोआप चिकटतं, थोडं फ्लोराइड सोडतं. मोठ्या दाढेत, जिथे चावण्याचा जोर, तिथे चांदीइतकं टिकत नाही, हे मान्य करायला हवं. १९८०च्या दशकात टांझानियात, जिथे वीज नाही, खुर्ची नाही, तिथे दाताच्या डॉक्टरांनी एक पद्धत बसवली: मशीन न लावता हाताच्या हत्यारांनी कीड खरवडायची आणि हे सिमेंट भरायचं. पेशंट साध्या टेबलावर झोपलेला. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती उचलून धरली. २०२१ मध्ये ग्लास आयोनोमर संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही आलं. म्हणजे "गरिबांना पाराच परवडतो" हे म्हणणं खरं नाही. ज्या उपकेंद्रात मशीनच नाही, तिथे चांदी भरता येत नाही, सिमेंट भरता येतं.

दुसरं म्हणजे दिवा लावून कडक करतात ते पांढरं भरण, कॉम्पोझिट. दिसायला दातासारखं, मजबूत, पण दात कोरडा ठेवावा लागतो, वेळ लागतो, पैसे लागतात. आणि तेही प्लास्टिकच. कच्चं असताना त्यातली रसायनं पातळ हातमोज्यातून आरपार जातात, हाताळणाऱ्यांच्या बोटांना फोड येतात, कायमची ॲलर्जी जडते. बघा, वस्तू नवी आली तरी हात आपलेच.

भीती मला याची आहे की पैसेवालीला पांढरं मिळेल, आणि ग्रामीण रुग्णालयात चांदी बंद झाली की "साहित्य नाही, दात काढून टाका" म्हणतील. तसंही आपल्या बायकांचे दात भरण्यापेक्षा उपटलेच जास्त जातात. दाढ दुखली की आधी मिशरी, मग लवंग, मग कोणाची तरी गोळी, आणि शेवटी पक्कड. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू, हे इथे बसलेल्या निम्म्या जणींना ठाऊक आहे आणि तरी त्यांच्या कनवटीला डबी आहे. असू दे, त्यावर दुपारी बोलू.

तर आज एवढंच काम. एक कागद फिरवते आहे. तुमच्या तालुक्यात दाताच्या दवाखान्यात कामाला असलेल्या बाईला भेटा. तिचं नाव लिहू नका, तिची नोकरी जाईल. फक्त लिहा: मसाला हाताने घोटते की तयार कॅप्सूल मशीनमध्ये फिरवते, हातमोजे मिळतात का, उरलेलं कुठे टाकते, सांडलं तर कशाने भरते. ग्रामीण रुग्णालयात ग्लास आयोनोमर येतं का, शेवटचं कधी आलं, तेही विचारा. पुढच्या बैठकीला हे कागद घेऊन या, मग जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाऊ. आणि त्या बाईच्या बोटात अंगठी असेल तर तिचा रंग बघा.