पाळक आणि साहेब



या साहित्य संमेलनाची निमंत्रणपत्रिका घरी आली तेव्हा मी सगळ्यात आधी स्वतःचं नाव वाचलं. मग त्याचा टाइप स्वागताध्यक्षांच्या नावाशी ताडून पाहिला. माझा सूतभर मोठा निघाला, आणि बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे त्याची लागण मलाही आहे.

दुखणं आपल्या चर्चमधल्या पुढाऱ्यांच्या मोठेपणाचं. पाळक, बिशप, धर्मगुरू, पंच, ट्रस्टी, सगळे त्यात आले. साहित्याच्या मांडवात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण हा मोठेपणा शब्दांवर पोसला जातो आणि शब्द आपण पुरवतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका मंडळीच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेचा संपादक होतो. गाव सांगत नाही. पान तीनवर बिशपांचा शुभसंदेश होता. अंक छापून, पिना मारून तयार. आणि समारंभाच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी लक्षात आलं की नावामागचं 'राईट' राहून गेलंय, नुसतं 'रेव्हरंड' पडलंय. पाळकसाहेबांचा चेहराच उतरला. पाचशे प्रती होत्या. आम्ही चौघं रात्री दोनपर्यंत नखांनी पिना उपसत, पानं बदलत बसलो. त्याच अंकात पान एकोणीसवर आणखी एक चूक होती. मंडळी सुरुवातीला ज्या बाईच्या ओसरीवर भरत असे, तिचं नाव चुकलं होतं. तेही त्याच रात्री दिसलं. ते शुद्धिपत्रात घेऊ, असं ठरलं. शुद्धिपत्र निघालंच नाही. ठरवणारा मीच होतो.

रेव्हरंड, व्हेरी रेव्हरंड, राईट रेव्हरंड, मोस्ट रेव्हरंड. इंग्रजांनी आदराला तर-तम-भाव लावला, आणि आपण आदरणीय, अतिआदरणीय, परमआदरणीय करून तो मराठीत आणला. शास्त्री-पंडितांच्या भाषेला नावं ठेवणारे आपण, इथे मात्र संस्कृत घेताना हात अजिबात आखडला नाही.

दुखणं जुनं आहे. योहानाचं तिसरं पत्र जेमतेम पानभर, पण त्यात दियत्रफेस नावाचा एक गृहस्थ भेटतो. त्याला मंडळीत पहिलं राहायची हौस. बाहेरून आलेल्या बंधूंना तो स्वतः घरात घेत नाही, आणि जे घेतात त्यांना मंडळीबाहेर काढतो. तेव्हा ना कॅथीड्रल होतं, ना ट्रस्टची जमीन. तरी पहिल्या जागेवरून भांडण होतंच.

पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलच्या मुख्य धर्मगुरूंनी 'विश्वव्यापी' अशी पदवी लावली, तेव्हा रोमचे पोप थोरले ग्रेगरी संतापले. त्यांनी स्वतःसाठी 'देवाच्या सेवकांचा सेवक' हे बिरुद घेतलं. झालं काय, तर ते बिरुदसुद्धा पदवीच होऊन बसलं. सेवकांच्या सेवकाला खांद्यावरच्या पालखीवजा सिंहासनातून मिरवायची रीत 1978 पर्यंत चालली. पोपचा तिहेरी मुकुट मात्र सहाव्या पॉलनी 1964 मध्ये उतरवून वेदीवर ठेवला. 2014 च्या नाताळाआधी पोप फ्रान्सिस यांनी आपल्याच दरबारातल्या कार्डिनलांपुढे चर्चच्या कारभाऱ्यांचे पंधरा रोग वाचून दाखवले. स्वतःला अपरिहार्य समजणं हा त्यांतला पहिलाच. शुभेच्छा घ्यायला जमलेल्यांची काय अवस्था झाली असेल!

रोमला हसणं सोपं आहे, म्हणून आपल्याकडे येतो. 'पाळकसाहेब' हा शब्द घ्या. पाळक म्हणजे मेंढरांमागे उन्हातान्हात चालणारा, आणि साहेब म्हणजे ज्याच्यामागे इतरांनी चालायचं तो. हे दोघं एका शब्दात कसे नांदतात? मला बरेच दिवस याचा राग यायचा. मग आजोबांची आठवण झाली आणि राग थोडा निवळला.

नगरकडच्या आपल्या कितीतरी मंडळ्या महार-मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. माझ्या आजोबांना चावडीपुढून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. खुर्ची बघायची ती मिशनच्या बंगल्यावर, आणि तिच्यात गोरा साहेब. त्या खुर्चीत आपल्यातला पहिला माणूस बसला तो पाळक होऊन. तो बसला तेव्हा अख्खी वस्ती बसली. लोकांनी त्याला साहेब म्हटलं ते त्याच्यासाठी कमी, स्वतःसाठी जास्त. तो 'साहेब' मी तरी पुसणार नाही. पण आता वस्तीतली पोरं कलेक्टर कचेरीत खुर्च्यांवर बसतात, आणि मंडळीतली खुर्ची मात्र दर दहा वर्षांनी उंच होत गेली आहे. आधी क्रोशाचं कव्हर आलं, मग लाल मखमल, आता सोनेरी हात. रांगेतली म्हातारी माणसं प्लास्टिकच्या खुर्चीत.

आपल्या परंपरेत या खुर्चीपुढे मान न तुकवणारी माणसं होती, आणि ती लिहिणारी होती. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली. मुंबईचे आणि लाहोरचे बिशप आडवे आले. भारतात याचा बभ्रा होईल, म्हणे. रमाबाईंनी पत्रांतून जे कळवलं त्याचा मथितार्थ असा: एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मान काढली ती दुसरीच्या जोखडात द्यायला नव्हे, सदसद्विवेक मलाही आहे. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या विधवा, पदरी लहान मुलगी, आणि राहणं ज्यांच्या आश्रयाने त्यांच्याशीच वाद. पुढे केडगावला याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक पालथं घालून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं आणि तिथल्या आपल्या मुक्ती मिशनमधल्या मुलींकडून त्याचे खिळे जुळवून घेतले. सामान्य बाईला कळेल असं बायबल त्यांना हवं होतं. मला हे काम त्या पत्रांइतकंच बंडखोर वाटतं. समजलं नाही तर विचारायला आचार्यांकडेच जावं लागतं, आणि मोठेपण तिथूनच सुरू होतं.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, सातारला 'देवाचा दरबार' मांडला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे टिळक आहेत, पण कसे? चिडणारे, विसरणारे, घरात दाणा नसताना हातातलं देऊन टाकणारे. लक्ष्मीबाईंनी त्यांना एकदाही चौरंगावर बसवलं नाही. नवऱ्यावर रागावून, हसून लिहिलं. आज शंभर वर्षांनीही टिळक जिवंत वाटतात याचं निम्मं श्रेय मी त्या पुस्तकाला देतो. आपण लिहिलेली पाळकांची चरित्रं काढून बघा. जन्म, पाचारण, दीक्षा, बदल्या, सत्कार. त्यात एकही पाळक कधी चिडत नाही, कुणाची माफी मागत नाही. हाडामासाचा माणूस आपणच काढून घेतो आणि झगा तेवढा उभा ठेवतो. मग तो झगा चालू लागला की आपणच तक्रार करतो.

काही पाळक अजून सायकलवर वाड्यावस्त्या फिरतात, मयतीला पहिले पोचतात, हे मला ठाऊक आहे. त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत.

वेळ झाली, संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे. पुढे बारा मान्यवरांचा सत्कार आहे. त्याआधी एक छोटा ठराव मांडतो: पुढच्या संमेलनाच्या पत्रिकेत, स्मरणिकेत आणि फलकावर सगळ्यांची नावं एकाच टाइपात, नुसती नावं छापावीत, आणि ज्यांनी जेवण रांधलं त्यांचीही छापावीत.

ठरावाला अनुमोदक हवा आहे. व्यासपीठावरून अजून कोणी हात वर केलेला दिसत नाही. मागच्या रांगेतून आला तरी चालेल.