महापौरांचा संध्याकाळचा आकडा

पालख्या पुण्यात आल्या की महापौर स्वागताला उभे राहतात. आम्ही दिंडीत मागं, तो हार लांबूनच बघतो. २०२० साली मात्र पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आम्ही घरी बसून महापौर मुरलीधर मोहोळ मोबाईलवर टाकत तो रोजचा आकडा वाचायचो. नवे रुग्ण किती, बरे किती, गेले किती. भवानी पेठेचं नाव आलं की पोटात गोळा यायचा. आमच्या माउलींचा मुक्काम तिथंच ना, पालखी विठोबाला! पुढं महापौर स्वतःच आजारी पडले, नि बरे होऊन परत कामाला लागले.

माजी महापौर दत्ता एकबोटे करोनानं गेले, तेव्हा शहरानं श्रद्धांजली वाहिली. ते रास्तच होतं. आमचे विणेकरी त्याच वर्षी पुण्यातच गेले. ते नुसते त्या 'गेले किती'मध्ये मोजले गेले. खांदा द्यायलाही आम्हाला जाता आलं नाही. म्हणून या ग्रंथाचं पहिलं पान त्यांचं ठेवलंय. वीणा आता त्यांच्या नातवाकडं आहे. यंदा भवानी पेठेत पोचलो की त्यांच्या आवडीचे दोन अभंग जास्तीचे म्हणायचं ठरलंय.