नंदादीप आणि वाढते जग



गाभाऱ्यात अखंड तेवणारा नंदादीप हा प्रत्येक महाजन कुटुंबाच्या श्रद्धेचा विषय आहे. त्या दिव्यास तेल किती लागले, ते कोणाच्या पाळीचे होते, शिल्लक किती उरली, याची नोंद देवस्थानच्या वहीत काटेकोरपणे होत असे. तेल खोबऱ्याचे वा तिळाचे. ते आसपासच्याच जमिनीत पिके आणि गावच्या घाण्यावर निघे. आज देवळाच्या सभामंडपात विजेचे दिवे आहेत आणि समाराधनेचा भात गॅसवर शिजतो. बिल भरल्याची पावती वहीत लागते. परंतु ही वीज व हा गॅस कोठून येतो, किती दिवस येईल, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडावयाचा तर लोकसंख्या, धर्म आणि इंधन या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करावा लागतो.

मनुष्यजातीला पहिल्या शंभर कोटींचा पल्ला गाठण्यास इ. स. १८०० च्या सुमारापर्यंतचा सगळा काळ लागला. दोनशे कोटी १९२७ च्या सुमारास झाले, तीनशे कोटी १९६० मध्ये व चारशे कोटी १९७४ मध्ये. नोव्हेंबर २०२२ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या गणनेप्रमाणे, ही संख्या आठशे कोटी झाली. भारताची लोकसंख्या १९५१ साली ३६ कोटी होती. २०११ च्या जनगणनेत ती १२१ कोटी भरली. त्याच जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची संख्या ४७ लाख ७९ हजार होती. या वाढीचे कारण मृत्यू घटले हे होय. १९११ ते १९२१ या दशकात प्लेग, दुष्काळ आणि १९१८ ची मानमोडी यांनी एवढा संहार केला की, दशकाअखेरीस देशाची लोकसंख्या किंचित कमीच भरली. त्यानंतर लस, स्वच्छ पाणी व औषधे आली आणि जन्मलेली मुले जगू लागली. ही मानवाची मोठी पुण्याई आहे. तिला संकट म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु एवढ्या मुखांना अन्न मिळाले कोठून? १७९८ साली इंग्रज पंडित माल्थस याने भाकीत केले होते की, माणसे अन्नापेक्षा वेगाने वाढतील व उपासमार अटळ होईल. ते भाकीत टळले, याचे एक प्रमुख कारण इंधन हे आहे. १९१३ मध्ये जर्मनीत हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याचा कारखाना सुरू झाला आणि रासायनिक खताचे युग अवतरले. आज जगातील सुमारे निम्म्या लोकांचे अन्न या खतावर अवलंबून आहे, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. आपल्या देशातील युरिया मुख्यतः नैसर्गिक वायूपासून होतो. निपाणीच्या आसपास वेदगंगा-दूधगंगेच्या काठी ऊस डोलतो, त्याला पाणी विजेचा पंप देतो आणि त्याची जमीन डिझेलचा ट्रॅक्टर नांगरतो. ताटातली भाकरी ज्वारीची दिसते. पण तिच्या पोटात वायू, तेल व वीज दडलेली असतात.

या प्रदेशाला यंत्रशक्तीची ओळख फार जुनी आहे. १८८७ साली गोकाक येथे घटप्रभेच्या धबधब्याच्या बळावर सूतगिरणीची चाके फिरू लागली. तेव्हा शक्ती व तिचा उपयोग एकाच ठिकाणी डोळ्यांना दिसत असे. पुढे शरावतीचे पाणी, १९८५ पासून रायचूरचा कोळसा, २००० सालापासून कैग्याची अणुभट्टी आणि अलीकडे पावगड्याचे ऊन, असे अनेक झरे राज्याच्या वीजवाहिन्यांत मिसळले. गॅसचे तर निम्म्याहून अधिक प्रमाण परदेशातून, बव्हंशी आखातातून येते. खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरचेच असते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि रॉकेलच्या रांगा वाढल्या, हे वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. दूरच्या रणांगणावरची ठिणगी येथील चूल विझवू शकते, हा त्या वर्षाचा धडा होय.

आता धर्माकडे वळू. लोकसंख्येचा विषय निघाला की अमुक धर्माचे लोक वाढतात, तमुक धर्माचे घटतात, असा वाद बैठकीत हटकून सुरू होतो. आकड्यांचा कौल निराळा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ साली एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये हिंदूंत ३.३ व मुसलमानांत ४.४ होती, २०१९-२१ मध्ये ती अनुक्रमे १.९४ व २.३६ वर आली. म्हणजे उतरण दोन्हींकडे आहे आणि अंतरही कमी होत आहे. कर्नाटकाची सरासरी १.७ आहे. इराणात १९८० च्या दशकात हा आकडा सहाच्या वर होता. धर्मगुरूंनी संमती दिल्यावर २००० च्या सुमारास तो दोनवर आला. कॅथलिक इटलीत पोपचा कृत्रिम संततिनियमनास विरोध असूनही आज तो दीडपेक्षाही कमी आहे. सर्वत्र निर्णायक ठरली ती मुलींची शाळा आणि बालके जगण्याची शाश्वती.

महाराष्ट्रात हे एका घराण्याने आधीच ओळखले होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रीशिक्षणास आयुष्य वाहिले व १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ मध्ये मुंबईस संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. धर्माच्या नावाने त्यांना फार छळ सोसावा लागला. आजचे आकडे पितापुत्र दोघांच्याही बाजूने साक्ष देतात.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे जगाची संख्या २०८० नंतर सुमारे एक हजार कोटींच्या थोडी वर जाऊन स्थिरावेल. डोकी मोजण्याचा प्रश्न असा आपोआप सौम्य होत आहे. प्रत्येक डोक्यामागे किती जळते, हा प्रश्न मात्र उग्र होत आहे. अमेरिकेत माणशी विजेचा वापर भारताच्या आठ-नऊ पट आहे. ही तफावत आपल्या गावातही आहे. निपाणीत विड्या वळून चार मुले वाढविणाऱ्या बाईच्या घरापेक्षा एकच अपत्य असलेल्या, वातानुकूलित बंगल्याचा पृथ्वीवरील भार अधिक असू शकतो. ज्याची मुले कमी तो आपोआप निर्दोष ठरत नाही.

येथेच धर्माचे खरे काम सुरू होते. पश्चिम घाटात कोकण, गोवे, कोल्हापूरपासून पुढे देवरायांची परंपरा आहे. देवाच्या राईतले लाकूड तोडू नये, या एका नियमाने शेकडो वर्षे झरे व झाडे राखली. मा. वि. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा पूर्वजांच्या श्रद्धेत दडलेली ही दूरदृष्टी विद्वानांसही पटली. शिर्डी संस्थानच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ सूर्यतबकड्यांच्या वाफेवर प्रसाद शिजविण्याची व्यवस्था झाली. बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखाने उसाच्या चोयट्यांपासून वीज करतात व मळीपासून इथेनॉल. मात्र ऊस पाणी फार पितो, हेही विसरता येत नाही.

महाजन मंडळींनी काय करावे? जत्रोत्सवातील रोषणाई किती तास असावी याचा ठराव व्हावा. अग्रशाळेच्या छपरावर सौर पाट्या बसवाव्यात. आणि तेलाप्रमाणेच वीज व गॅस यांचा खप वार्षिक अहवालात छापला जावा. हिशेब डोळ्यांसमोर असला की उधळपट्टी लाजते.

आणखी एक अवघड गोष्ट उरते. महाजन घराण्यांतच आता एक किंवा दोन अपत्ये आहेत. पुष्कळ घरी केवळ मुली आहेत, आणि मुले पुणे, मुंबई, परदेश येथे पांगली आहेत. बऱ्याच देवस्थानांत महाजनकी पुरुष वंशपरंपरेने चालते. हीच रीत पुढे राहिली तर काही घराण्यांची पाळी कायमची खुंटेल आणि तेल घालावयास हातच उरणार नाही. सोळाव्या शतकात पूर्वजांनी देव उचलून अंत्रूजला नेले, तेव्हा रूढी सोडली पण देव सोडला नाही. आज तोच विवेक दाखवून कन्यांनाही सेवेचा अधिकार देण्याचा विचार या सभेने करावा.

दिवा लहान असला तरी चालेल. तो कोणाच्या वाट्याचे तेल जाळून तेवत नाही ना आणि उद्या त्यात तेल घालणारा कोणी आहे ना, एवढे पाहणे हेच या काळातले देवकार्य होय. श्रींनी तशी सद्बुद्धी सर्वांस द्यावी.