बसल्या जागेचे उत्पन्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



दुसरा फ्लॅट घ्यावा, तो भाड्याने द्यावा आणि बसल्या जागी उत्पन्न मिळवावे, असा सल्ला आज मध्यमवर्गाला जिकडेतिकडे मिळतो. आपले कित्येक सहानुभूतीदारही या वाटेने निघाले आहेत. त्यांची हेटाळणी करण्यापूर्वी या व्यवहाराचा हिशेब मांडून पाहू.

समजा, मुंबईच्या उपनगरात १ कोटीचे घर आहे आणि त्याचे भाडे दरमहा २५ हजार येते. म्हणजे वर्षाला ३ लाख, अवघे तीन टक्के. यातून मालमत्ता कर, दुरुस्ती आणि संस्थेचे बिनभोगवटा शुल्क वजा जाते. घर दोन महिने रिकामे राहिले की ५० हजार बुडतात. खरेदीसाठी साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचे ८० लाख कर्ज काढले असेल, तर पहिल्या वर्षाचे व्याजच पावणेसात लाखांच्या घरात जाते. भाड्याने व्याजाचा निम्मा भागही भरून निघत नाही. मालक बसलेला नसतो. तो बँकेसाठी राबत असतो.

मग लोक हे का करतात? एकतर जमिनीची किंमत वाढेल या आशेने. ही वाढ मालकाच्या कर्तृत्वाने होत नाही. रेल्वे, मेट्रो, पाणी, शाळा ही सार्वजनिक पैशातून उभी राहतात आणि त्यांचे मोल खासगी सातबाऱ्यावर जमा होते. करव्यवस्थाही या उत्पन्नाला हात देते: दुरुस्तीवर एक पैसा खर्च केला नाही तरी भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. पगारदाराची ठोक वजावट मात्र ठरावीक रकमेपुरती असते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली. खासगी नोकरीतील बहुसंख्यांना ती कधीच नव्हती. मार्च २०२३ चा कर्मचाऱ्यांचा संप याच भयातून उभा राहिला. समाजाने म्हातारपणाची हमी काढून घेतली, म्हणून माणूस ती चार भिंतींत शोधतो. पण ती हमी पुरवणारा भाडेकरू बहुधा त्याच्यासारखाच, पेन्शन नसलेला नोकरदार असतो. एका श्रमिकाचे म्हातारपण दुसऱ्याच्या तरुणपणातून वसूल होते.

भाडे नियंत्रणाचा इतिहासही डोळसपणे पाहावा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले. लाखो गिरणी कामगार त्या आधाराने शहरात टिकले. पण गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती होईना, इमारती खचल्या आणि पागडी बोकाळली. १९९९ च्या कायद्याने ती पागडी वैध केली. नव्या भाडेकरूच्या वाट्याला बहुतेक अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार आला. मुदतीनंतर घर सोडले नाही तर दुप्पट शुल्क. केवळ भाडे गोठवून घरे बांधली जात नाहीत, हा त्यातला धडा. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. तेव्हा केवळ बाजारावर सोडूनही भागत नाही.

वाट आपल्याच चळवळीने दाखवली आहे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोरेगावात, दिंडोशीला, 'नागरी निवारा'ची हजारो घरे उभी केली. महाराष्ट्राने तो कायदा २००७ साली मोडीत काढला.

म्हणून आपल्या मागण्या तीन: सार्वजनिक जमिनीवर सरकारी मालकीची भाड्याची घरे, दीर्घकाळ रिकाम्या ठेवलेल्या घरांवर चढता कर, आणि सर्व श्रमिकांना पेन्शन. छोटा घरमालक या लढ्यात आपला शत्रू नाही. पेन्शनच्या मागणीवर तो भाडेकरूच्या शेजारी उभा राहू शकतो.

तोवर आपल्यापैकी ज्यांचे घर भाड्याने आहे, त्यांनी एवढे तरी पाळावे. करार लेखी करून नोंदवावा. कायद्याने ती जबाबदारी मालकाचीच आहे. अनामत वेळेवर परत करावी. आणि दारात आलेल्याला जात, धर्म किंवा त्याच्या ताटात काय असते हे विचारू नये. समतेची परीक्षा सभेत सोपी असते; ती घराची किल्ली देताना द्यावी लागते.