निघण्याआधी तिथी बघा : हरिहरेश्वर ते हेदवी

आज कोकणच्या सागरी रस्त्याबद्दल बोलूया. हरिहरेश्वरपासून हेदवीपर्यंत, वाटेत दोन फेरीबोटी आणि गाडी लावून पायी फिरायचे चार थांबे. कुठे राहायचं, कुठे सुरमई खायची हे सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. मी आज फक्त एवढंच सांगणार आहे की तारीख कशी निवडायची. कारण माझी तारीख चुकली, आणि त्याचा प्रसाद आईच्या गुडघ्याला मिळाला.

झालं असं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ट्रिप म्हटलं की आधी एक्सेल शीट. पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर, पंधरा-पंधरा मिनिटांचे कॉलम, पेट्रोल, चहा, सगळं. होळीची सुट्टी होती. धुळवडीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ‘प्रदक्षिणा’ असा हिरवा सेल. शीटमध्ये सगळं होतं, समुद्र सोडून.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवळामागून थोडं चढायचं, मग डोंगराच्या कपारीतून पायऱ्या उतरायच्या, आणि खाली येतो थेट समुद्राला लागून असलेला खडकाचा सपाट पट्टा. लाटांनी त्या खडकाला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पाडलीत. डोंगराला वळसा घालून पलीकडे निघायचं. अंतर फार नाही, पण एकदा खाली उतरलात की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. पळायला तिसरी बाजू नाही. इथून माणसं वाहून गेलेली आहेत.

आम्ही उतरलो तेव्हा खडक अर्धा ओला होता. मला वाटलं, ओहोटी सुरू असेल. फोटो काढत पुढे गेलो. दहा मिनिटांनी मागे पाहिलं तर जिथून आलो तिथे पाणी. आई म्हणाली, “अरे, हे मघाशी नव्हतं.” तेवढ्यात पायऱ्यांवरून एक काका ओरडले, “ओ, मागे फिरा! पाणी चढतंय!” परत येताना घोट्यापर्यंत लाट आली, आईचा पाय शेवाळावर सरकला आणि गुडघा कालवांच्या शिंपल्यांवर घासला. ती शिंपली ब्लेडसारखी कापतात. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर काय, हा विचार मी त्या रात्री झोपायच्या ऐवजी केला.

काकांची वर चहाची टपरी होती. आईच्या जखमेवर पाणी ओतता ओतता त्यांनी मला विचारलं, “आज तिथी काय?” मला कुठली माहीत असणार! ते म्हणाले, “काल पौर्णिमा झाली, आज प्रतिपदा. तिथीची पाऊणपट करायची. पाऊण वाजता भरती. तू अकराला खाली कशाला गेलास?”

एवढाच तो फॉर्म्युला. तिथीचा आकडा गुणिले पाऊण, येईल ते भरतीचं घड्याळ, दिवसाचं आणि रात्रीचंही. चतुर्थी असेल तर तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर. यामागचं कारणही सोपं आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते, आणि पंधरा दिवसांत घड्याळाची एक फेरी पूर्ण होते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे रोज थोडासा राउंडिंग एरर. एका ओळीच्या, बॅटरी न लागणाऱ्या कोडकडून आणखी काय हवं? अर्थात हा अंदाज आहे. पाण्याजवळ उतरण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं टाइमटेबल फोनवर बघायचंच, आणि गावातला माणूस नको म्हणाला तर नको. पावसाळ्यात तर हा विषयच काढू नका.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास दोन्ही कमी, त्याला भांग म्हणतात. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी असली तरी खडक पुरता उघडा पडत नाही, शिवाय ऊन.

आता मी नवी शीट उलटी बनवली. आधी तिथी, मग शनिवार. शनिवारी चतुर्थी असेल तर ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. शुक्रवारी रात्रीच हरिहरेश्वरला पोचायचं, आठला खाली उतरायचं, पाणी वळायच्या आत वर. मग जवळच बागमांडल्याला गाडी फेरीत चढवायची आणि सावित्रीच्या खाडीपलीकडे वेश्वीला उतरायचं. बाणकोटचा किल्ला, केळशी, संध्याकाळी आंजर्ले. तिथे कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते, पण गावातून पायवाटेने चढा. वरून सुवर्णदुर्ग दिसतो.

रविवारी दाभोळ-धोपावे फेरी. पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड, त्याच्या खंदकाच्या कडेने चालायला मजा येते. मग गुहागर, आणि पुढे हेदवी. इथे गणित नेमकं उलटं होतं. हेदवीच्या खडकात बामणघळ नावाची एक अरुंद भेग आहे. भरतीला लाट तिच्यात घुसते आणि पाणी उंच उडतं. ओहोटीला गेलात तर फक्त एक भेग बघून याल. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे जेवून आरामात. भेगेच्या काठावर मात्र जायचं नाही. उडालेलं पाणी परत खाली येताना ओढतं. सोमवारी चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने घरी. एक रजा टाकावी लागते, त्याला इलाज नाही.

आणखी एक. मॅप जो वेळ दाखवेल त्याच्या दीडपट धरा. रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की तुम्हीच मागे घ्यायची. शिमगा आणि लाँग वीकेंडला फेरीसाठी रांग लागते, म्हणून शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा.

या वेळी आई पुन्हा येणार का, असं जरा घाबरतच विचारलं. तिने कालनिर्णय काढलं, शनिवारवर बोट ठेवलं आणि खूश झाली. कृष्ण चतुर्थी, म्हणजे संकष्टी. आंजर्ल्याच्या गणपतीचं दर्शन घेऊन चंद्रोदयाला उपास सोडायचा, असं तिचं ठरलंसुद्धा. म्हणजे माझी सुरमई रविवारपर्यंत पुढे ढकलली.